एका कपाटात दोन पेट्या

८ जानेवारी

धाकटीस,

खोकं पोचलं. आईंच्या नावाने पाठवलंस, ते त्यांनी दुकानात भर गिऱ्हाइकांत उघडलं, आतले कागद उलटेपालटे केले आणि "हे काय गं बाई?" म्हणत माझ्याच हातात दिलं. म्हणजे मान सासूचा आणि काम जावेचं. तू आणि भाऊजी घर सोडून गेलात त्या दिवसापासून मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. आजही लिहिली नसती. पण तुझ्या सूचनांत म्हटलंय की दर आठवड्याला दोन्ही पेट्यांतली दोन-दोन संत्री पार्सलने तुझ्या प्रयोगशाळेत पाठवायची आणि सोबत माहिती कळवायची. तेव्हा ही माहिती समज.

मला जे समजलं ते असं. झाडपाल्याच्या लगद्याचा कागद करून त्यात तू लवंगेचं आणि दालचिनीचं तेल मुरवलंस. त्यात गुंडाळलेल्या फळाला बुरशी धरत नाही असं तुझं म्हणणं. एका पेटीत तुझ्या कागदातली संत्री भरायची, दुसरीत साध्या कागदातली, आणि कुठली आधी सडतात ते बघायचं. भरली. संत्री दोन्हीकडे एकाच गाडीतली, एकाच बागेची. हात धुऊन, पुसून, देठ न दुखावता एकेक गुंडाळलं. कुणी म्हणायला नको की थोरलीने हलगर्जीपणा केला.

पेट्या "उघड्यावर, हवेशीर जागी, एकमेकींपासून लांब" ठेवा असं लिहून खाली दोनदा रेघ मारलीस. लांब कशाला? त्या काय जावा आहेत?

वास मात्र जबरदस्त आहे हो. दुकानात शिरलं की दातांच्या दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. एक गिऱ्हाईक खरंच गालाला हात लावून उभं राहिलं.

शेवटी निकाल परस्पर तुमच्या मोठ्या साहेबांना कळवायचा आहे, तुला नाही, हेही वाचलं. म्हणजे कुणी तुझ्या भिडेला पडून गोड लिहू नये. मी तुझ्या भिडेला पडेन ही काळजी त्यांनी करू नये.

ताई


१७ जानेवारी

धाकटीस,

चार संत्री सोबत आहेत. दोन तुझी, दोन साधी, वेगवेगळ्या डब्यांत बंद. सगळी ठणठणीत.

आता जरा आईंचं ऐक. तुझी पेटी मी गल्ल्याच्या बाजूला ठेवली होती, हवेशीर, तुझ्या हुकमाप्रमाणे. आई रोज दुपारी खुर्ची टाकून पेटीला चिकटून बसायला लागल्या. येईल त्याला एक संत्रं काढून दाखवायचं, कागद सोडायचा, त्याच्या नाकाला लावायचा आणि म्हणायचं, "आमच्या धाकट्या सुनेने केलाय. फळाला म्हातारपण येत नाही." दूधवाल्याला दाखवलं. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना दाखवलं. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही सोडलं नाही. तो बिचारा "छान, छान" करत उलट्या पावली बाहेर पडला. मी त्याच वेळी मागे केळ्यांचे घड उतरवून घेत होते. माझी कंबर धरलीय हे त्यांना चार दिवसांनी कळलं, आणि तेव्हा काय म्हणाल्या? "धाकटीला विचार, ती काहीतरी पाल्याचं औषध सांगेल."

खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. दुखलं म्हणजे दुखलंच. ह्या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली, माझ्यासाठी त्यांनी कधी मीटरवाल्याला थांबवलं नाही.

तर पेट्या आता मी सुरक्षित जागी हलवल्या आहेत. आईंचा हात पोचणार नाही. एक वर, एक खाली, म्हणजे लांबच की. तुझा प्रयोगही बिघडणार नाही आणि माझं डोकंही. आई दोन दिवस फुगून होत्या, "माझी पेटी कुठे लपवलीस?" म्हणत. त्यांची पेटी!

ह्यांनी तुम्हा दोघांची चौकशी केली आहे. मी केलेली नाही.

ताई


३० जानेवारी

धाकटीस,

निकाल लागला. साहेबांना कार्ड टाकलं, तुला वेगळं कळवते. दोन्ही पेट्या सारख्याच. तुझ्या कागदातली संत्री चांगली, साध्या कागदातलीही चांगली. ना इकडे बुरशी, ना तिकडे. एकही फळ फेकावं लागलं नाही. जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलंय, वर देव बघतोय.

तेव्हा शास्त्रीणबाई, तुझा तो लवंग-दालचिनीचा कागद आणि कुणाच्याही घरातला साधा कागद, दोन्ही एकाच मापाचे निघाले. आईंना सांगितलं तर त्यांनी तोंड फिरवून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्या हाताला यश नाही." घ्या! संत्री टिकली असती फक्त तिच्या कागदात, तर धाकटी हुशार. सगळीच टिकली, तर थोरलीचा हात वाईट. ह्यांनी पेपरातून मान वर केली नाही. ते नेहमीच असे ऐन वेळेला बहिरे होतात.

वाईट वाटून घेऊ नकोस असं लिहायला हवं. लिहिलं.

ताई


१२ फेब्रुवारी

धाकटीस,

तुझं पत्र आलं. इतक्या दिवसांत तू पहिल्यांदा माझ्या नावाने लिहिलंस, आणि काय लिहिलंस? एक ओळ. "ताई, पेट्या नक्की कुठे ठेवल्या होत्या?" बस. कशी आहेस नाही, कंबर कशी आहे नाही. पोलिसातसुद्धा आधी बसायला सांगतात.

पेट्या दुकानात होत्या. अजून कुठे असणार? मी काय त्या उशाशी घेऊन झोपले होते? ज्याचा निकाल मनासारखा लागत नाही तो परीक्षा घेणाऱ्याला धरतो, हे मला माहीत होतं, पण तू तशी असशील असं वाटलं नव्हतं.

भाऊजींनी ह्यांना फोनवर सांगितलं ते कानावर आलं. तुझ्या कागदाच्या पेट्या आणखी दोन दुकानांत दिल्या होत्या, त्यांपैकी एकाने त्या सरळ विकून टाकल्या आणि दुसऱ्याकडे उंदरांनी निकाल लावला. म्हणजे माझं एकटीचं कार्ड धरून साहेबांनी ठरवलं की कागदात दम नाही. महिनाअखेर तुझं काम बंद, कागद करायचं तुझं यंत्र दुसऱ्याच्या खोलीत जाणार, आणि तुला बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या कामावर बसवणार. आई तेव्हापासून जेवताना माझ्याकडे बघत नाहीत. जणू मीच रात्रंदिवस बसून त्या संत्र्यांना "सडू नका गं बायांनो" म्हणून सांगत होते.

माझा दोष काय? मी खरं लिहिलं.

आणि हो, मला आनंद झाला का, असं तुला विचारायचं असेल. पहिल्या दिवशी झाला. दुसऱ्या दिवशी म्हणावा तसा नव्हता.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकटीस,

हे पत्र पाठवीन की नाही ठाऊक नाही. आधी लिहून तर बघते.

आज मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट आवरायला काढलं. तेच, जुने तराजू आणि गोणपाटं ठेवायचं. किल्ली माझ्याकडे असते, एक ह्यांच्याकडे. खालच्या फळीवर गोणपाटाच्या मागे कागदी पिशवी सापडली, आणि तिच्यात गोड पाव. डॉक्टरांनी ह्यांना साखर बंद केल्याला किती दिवस झाले, आणि हे महाशय पाव लपवताहेत. मी पिशवी नाचवत बाहेर आले. "हे काय?" तर म्हणाले, "अगं, तो जुना आहे. पेट्या ठेवल्यास ना तू आत, त्याच्या आदल्या दिवशीचा. मग तू सारखी तिथे यायला लागलीस, काढायला जमलंच नाही."

भांडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तो पाव वाळून वीट झाला होता. पण बुरशीचा ठिपका नाही. आपल्याकडे पाव कसा राहतो तुला माहीत आहे, परवाचा आज हिरवा होतो. आणि नाकाशी नेला तर लवंगेचा वास.

मी कपाटात डोकं घातलं. गोणपाटाला तोच वास, तराजूलाही तोच.

आता तुला कळलं असेल, मी पेट्या कुठे ठेवल्या होत्या. आईंचं ते प्रदर्शन बंद व्हावं म्हणून दोन्ही पेट्या त्या कपाटात ठेवून मी कुलूप लावलं होतं. तुझी वरच्या फळीवर, साधी खालच्या. दारं घट्ट, हवा जायला फट नाही. तुझ्या कागदाचा वास कपाटभर झाला आणि साध्या कागदातल्या संत्र्यांनाही तोच पुरला, पावालाही पुरला. आणि मी साहेबांना लिहिलं की दोन्ही पेट्या सारख्याच!

मग आठवलं. त्याच गाडीतली उरलेली संत्री मी पुढे दुकानात मांडली होती. त्यातली मी रोज निवडून फेकत होते, हिरवी पडलेली. गिऱ्हाइकं अंगठे दाबून बघतात म्हणून सडतात, असं समजून त्यांच्यावर खेकसत होते. ती संत्री माझ्या डोळ्यांसमोर सडत होती आणि मला दिसलं नाही. दिसायला नको होतं म्हणून दिसलं नाही.

म्हणजे तुझा कागद चांगला आहे. नुसता चांगला नाही, फळाला न शिकताही... छे, न शिवताही काम करतो. घाईत खाडाखोड होते आहे.

हे तुला कळवलं तर काय होईल ते मला दिसतंय. तुझं यंत्र तुला परत. आई पुन्हा खुर्ची टाकून बसणार. "बघा, माझी धाकटी!" आणि मी कोण? जिने कपाटाला कुलूप लावलं ती. न कळवलं तर कुणाला कळणार आहे? ह्यांना पावापलीकडे काही दिसलेलं नाही.

तू ह्या घरात आलीस तेव्हा मला आनंद झाला होता गं. बोलायला कुणीतरी मिळालं म्हणून. तू गोण्यांवर बसून अभ्यास करायचीस आणि आईंनी हाक मारली की मीच सांगायचे, "ती बटाटे निवडतेय." तुझी परीक्षा झाली, पेढेवाल्यासारख्या आई दारोदार सांगत सुटल्या, आणि बटाटे कोण निवडत होतं ते कुणी विचारलं नाही. तूही नाही. तुम्ही निघालात तेव्हा मी दारात आले नाही, आतच भांडी घासत बसले. भांडी घासलेलीच होती.

आज इथेच थांबते. टपाल निघायची वेळ झाली, पण हे पत्र त्यात टाकवत नाही.


२१ फेब्रुवारी, तेच पत्र

भाऊजींचा फोन आला होता. मीच उचलला. नेहमीसारखं "दादाला द्या" म्हणाले नाहीत. म्हणाले, "वहिनी, शेवटचं पार्सल उघडलं तेव्हाच तिला कळलं होतं."

मी म्हटलं, "काय कळलं होतं?"

"तुम्ही साध्या कागदातली संत्री पाठवलीत ना, त्यांचा कागद सोडला तर त्यांनाही लवंगेचा वास. तेव्हाच म्हणाली, पेट्या कुठेतरी एकत्र कोंडल्या गेल्यात."

"मग साहेबांना का नाही सांगितलं?"

ते म्हणाले, "मी तेच विचारलं. म्हणाली, सांगितलं तर साहेब विचारतील सूचना असताना कोंडल्या कुणी आणि का. ताईंना तिथे उभं करायचं नाही मला. त्यांनी स्वतःहून सांगितलं तर ठीक, नाहीतर राहू दे, कागदाचा प्रयोग पुन्हा करता येईल कधीतरी. म्हणून तुम्हाला तेवढंच विचारलं तिने, पेट्या कुठे होत्या. तुमचं उत्तर आलं त्या दिवशी रडली."

मी फोन ठेवला. नीट ठेवलासुद्धा नाही, लोंबत राहिला.

अगं भवाने! काम जाऊ देत होतीस? इतकी वर्षं ज्याच्यामागे डोळे फोडलेस ते जाऊ देत होतीस, कशासाठी, तर थोरलीची अब्रू राहावी म्हणून? आणि मी इथे बसून "परीक्षा घेणाऱ्याला धरतेस" म्हणून टोमणे मारतेय! हुशारीत तू पुढे, ते मी गिळलं. आईंच्या लाडात तू पुढे, तेही रडत-खडत गिळलं. आता चांगुलपणातही तूच पुढे? हे मात्र मला नाही जमायचं. माझ्यासाठी पण काही शिल्लक ठेवशील की नाही?

हे पत्र आता मी पाठवतेय, सगळं, खाडाखोडीसकट. आणि तुला पोचायच्या आधी साहेबांना माझं दुसरं कार्ड पोचलेलं असेल. त्यात कपाट आहे, कुलूप आहे, पाव आहे, आणि पुढे मांडलेली सडकी संत्रीही आहेत. ह्यांचा तो पावही बांधून पाठवला. ते हळहळले.

ताई


२ मार्च

धाकटे,

तुला भाऊजींकडून अर्धंमुर्धं कळलंच असेल. पण ते मला माझ्या तोंडाने सांगायचंय.

साहेबांचा दुकानात फोन आला. नेमकी संध्याकाळची गर्दी. पावाचे तुकडे करून त्यांनी म्हणे भिंगाखाली बघितले. आवाज मोठा आहे त्यांचा, फोनमधून पार रस्त्यावर ऐकू जातो. "बाई, तुमची चूक फार उपयोगाची निघाली," म्हणाले. "प्रत्येक फळ गुंडाळायची गरजच नाही, पेटीत ह्या कागदाची एक पट्टी ठेवली तरी भागेल. पण मला लिहून ठेवायला नेमकं कारण हवं. उघड्यावर ठेवा म्हटलेलं असताना कपाटाला कुलूप कशासाठी लावलं?"

आई खुर्चीत बसल्या होत्या. मास्तर पिशवी धरून उभे होते. आणखी दोन-तीन बायका द्राक्षं निवडत होत्या. मी म्हणू शकले असते, उंदीर होते. ते आधीच एका दुकानाने वापरलेलं आहे, चाललं असतं.

मी म्हटलं, "साहेब, मला माझ्या जावेचा हेवा वाटत होता."

ते म्हणाले, "काय? जरा मोठ्याने."

मोठ्याने सांगितलं. बायकांचे हात द्राक्षांवरच थांबले. मास्तरांनी विनाकारण चष्मा पुसायला घेतला. साहेब जरा खाकरले, "बरं, मी 'घरगुती कारण' असं लिहितो," म्हणाले, आणि मग म्हणाले की यंत्र तुझ्याच खोलीत राहील, पुढचा हंगाम पुरा तुझा.

फोन ठेवून वळले तर आई माझ्याकडे बघत होत्या. किती दिवसांनी. म्हणाल्या, "अगं, मग मला सांगायचंस. मी तुझंही कौतुक केलं असतं."

मी म्हटलं, "आई, कौतुक मागून घ्यायचं असतं होय?"

त्यावर त्या उठल्या, द्राक्षांची टोपली माझ्यापुढून ओढून घेतली आणि स्वतः निवडायला बसल्या. त्यांना धड दिसत नाही, चांगली द्राक्षंच फेकत होत्या. मी बसू दिलं.

रात्री जेवणं झाल्यावर ह्यांनी विचारलं, "आता तरी मोकळं वाटतंय का?" वाटतंय. पण हेवा गेला असं समजू नकोस. परवाच आई मास्तरांना सांगत होत्या, पट्टीची युक्ती धाकटीची, आणि मी आतून ओरडले, "कपाट माझं होतं!" मास्तर हसले. मीही हसले, पण नंतर.

माझी अब्रू राखायला तू काम जाऊ देत होतीस हे मी आईंना सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्या तुला डोक्यावर घेऊन नाचतील, आणि ते मला बघवणार नाही. ते मी एकटीच जाणून आहे, आणि माझ्याजवळच ठेवणार आहे. तुझ्यातलं तेवढं तरी माझ्या एकटीचं असू दे.

तुझी ताई